अब्बांची हातोडी आणि इंजिनाचा रंग

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी मुलगी तिच्या दादांना, म्हणजे माझ्या अब्बांना, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होती. गुजरातमध्ये एकतानगर ते अहमदाबाद अशी हेरिटेज ट्रेन सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला, त्याचाच तो व्हिडिओ. पुढे जुन्या वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं गोल तोंडाचं इंजिन, मागे मोजके डबे. अब्बांनी चष्मा लावला, व्हिडिओ दोनदा पाहिला. मग त्यांच्या सवयीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "इसका बॉयलर कां है?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "बॉयलर नाही अब्बा. गाडी विजेवर चालते. फक्त रूप वाफेच्या इंजिनाचं दिलंय."

"फिर पानी कां भरते?"

"भरतच नाहीत."

त्यांनी मोबाइल नातीच्या हातात दिला. "अच्छा है, बच्चों को अच्छा लगता," एवढं म्हणाले आणि असरच्या नमाजसाठी वजू करायला उठले. राग आला तो मला. अब्बांना आला नाही, याचंही जरा नवल वाटलं. हा लेख त्या रागाबद्दल आहे, आणि पुढे तो कसा बदलत गेला त्याबद्दल.

अब्बा कुर्डुवाडीला बॉयलरमेकर होते. वयाच्या विसाव्या वर्षी, १९६३ साली, खलाशी म्हणून लागले आणि हळूहळू बॉयलरच्या कामात गेले. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचं गाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रुळांची लाइन उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. नंतर एका बाजूला पंढरपूरवरून मिरज आणि दुसऱ्या बाजूला लातूर अशी ती वाढत गेली. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की, वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. त्याने ते इथे, आपल्या दुष्काळी मुलखात, करून दाखवलं. आषाढीला या गाड्या वारकऱ्यांनी छपरापर्यंत भरायच्या. अब्बा सांगायचे, आषाढीच्या पंधरवड्यात शेडमध्ये कोणालाच रजा नसे. मग त्यात ईद आली तरी नसे. नमाज पढून थेट शेडवर.

बॉयलरमेकरचं काम काय, हे आता सांगावं लागतं. इंजिनाच्या मागच्या बाजूला फायरबॉक्स असतो. आत जाळ, भोवती पाणी. आतली पेटी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये काही इंचांची पाण्याची जागा असते. वाफेचा दाब या दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून लांब ढकलत असतो. ते फाटू नयेत म्हणून दोन्ही पत्रे शेकडो आडव्या बोल्टांनी एकमेकांना जखडलेले असतात. त्यांना स्टे म्हणतात. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. त्यात एखादा स्टे मधेच तुटतो. बाहेरून तो दिसत नाही. एक तुटला तर शेजारच्यांवर भार येतो. बरेच तुटले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर बॉयलर फुटतो आणि समोर असेल तो माणूस जातो.

तुटलेला स्टे शोधायचा कसा? हातोडीने. अब्बा फायरबॉक्सच्या तोंडातून आत शिरायचे. जाळ काढलेला असला तरी पत्रा कोमट असायचा. नॅरोगेज इंजिनाचा फायरबॉक्स तो केवढा, त्यात अंगाचं मुटकुळं करून बसायचं. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. एकेक स्टे ठोकत जायचं आणि कान द्यायचा. धड स्टे एका आवाजात बोलतो, तुटलेला दुसऱ्या. खडूने खूण करायची आणि पुढे जायचं. वॉशआउटच्या दिवशी बॉयलरचे प्लग काढून आतला क्षार खरवडून धुवायचा. आमच्या भागातलं पाणी जड, क्षार भरपूर. हेच काम वर्षानुवर्षं.

या कामाने अब्बांचे कान गेले. लोखंडी पेटीत बसून लोखंडावर लोखंड आपटायचं, आणि बाहेर कोणी रिबेट मारत असेल तर विचारायलाच नको. जगभरात बॉयलरमेकरांचं बहिरेपण प्रसिद्ध आहे, त्याला त्यांच्याच धंद्याचं नाव पडलेलं आहे. पन्नाशीच्या आत अब्बांना पाखरांचे आवाज ऐकू येईनासे झाले होते. निवृत्त झाले तेव्हा आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं, आत भांडण चाललंय.

आता रंगाकडे येतो.

आमच्या भागात एका कार्यालयासमोर एक जुनं नॅरोगेज इंजिन चौथऱ्यावर ठेवलेलं आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी नंतर आमचं ऐकलं. त्या इंजिनाला दरवर्षी नवा रंग लागायचा, आणि प्रत्येक वर्षी वेगळा. एकदा निळा, एकदा लाल, त्यावर सोनेरी पट्टे. चाकांना चंदेरी. मी आणि रेल्वेचे वेडे असलेले तीन-चार मित्र यावर फार चिडायचो. आम्ही निवेदन लिहायचं ठरवलं: इंजिन मूळ रूपात, काळ्या रंगात ठेवा. माझ्याकडे तर साक्षीदारही घरचाच होता.

निवेदनाच्या तयारीसाठी मी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की या भांडणाला इंग्लंडमध्ये केवढा इतिहास आहे. तिथलं सगळ्यात प्रसिद्ध इंजिन फ्लाइंग स्कॉट्समन. १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यात बांधलं. १९३४ मध्ये ताशी १०० मैल वेग गाठल्याची अधिकृत नोंद झालेलं पहिलं वाफेचं इंजिन. लोकांच्या मनात ते कोवळ्या सफरचंदी हिरव्या रंगाचं आहे, ४४७२ नंबरचं. पण ते सतत बदलत होतं. युद्धात काळं झालं. १९४७ मध्ये त्यात नवा, जास्त दाबाचा बॉयलर बसला. ब्रिटिश रेल्वेच्या काळात नंबर ६०१०३ झाला, रंग आधी निळा आणि मग गडद हिरवा. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याला दुहेरी धुराडं बसवलं. त्याने इंजिनाचं काम सुधारलं, पण धूर जोराने वर जाईना, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच रेंगाळायला लागला. म्हणून १९६१ मध्ये पुढच्या बाजूला दोन उभे पत्रे लावले, धूर वर ढकलायला. १९६३ मध्ये ते सेवेतून निघालं. एका हौशी माणसाने ते तीन हजार पौंडांना विकत घेतलं आणि पत्रे काढून, एकेरी धुराडं लावून पुन्हा सफरचंदी हिरवं केलं. पुढे ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया फिरून आलं. नंतरच्या मालकांच्या काळात दुहेरी धुराडं परत आलं, आणि एकदा तर दुहेरी धुराडं आणि जुना सफरचंदी रंग एकाच वेळी होते. कामाच्या काळात ते इंजिन तसं कधीच दिसलं नव्हतं.

२००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २३ लाख पौंडांना घेतलं. दुरुस्ती दहा वर्षं चालली आणि तिला चाळीस लाख पौंडांहून जास्त खर्च आला. २०१६ मध्ये ते परत धावलं ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ नंबर घेऊन, दुहेरी धुराड्यासह आणि पत्र्यांसह. संग्रहालयाचं म्हणणं सरळ होतं: यंत्र आतून-बाहेरून १९६० च्या सुमाराचं आहे, तर रंगही त्याच काळाचा हवा. बरेच लोक नाराज झाले. त्यांचं लहानपणीचं, चित्रांतलं इंजिन सफरचंदी होतं.

हे सगळं मी एका संध्याकाळी अब्बांना ओरडून ओरडून सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवले. रंगांच्या फोटोंवरून त्यांची नजर सरकन पुढे गेली. पत्र्यांवर थांबली. ते पत्रे कशाला, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर को दिखना म्हणून लगाए, और लोगां बोलते निकालो, अच्छा नहीं दिखता?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. ते हसले.

मग मी माझा मुद्दा काढला. आपलं चौथऱ्यावरचं इंजिन काळंच होतं ना? तुम्ही तसं लिहून द्याल का?

अब्बांनी बराच वेळ विचार केला. "काला..." म्हणाले, "काला तो था. पर रंग कैसा, तेल था वो." खलाशी रोज तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांनी इंजिन पुसायचे. त्यावर काजळी, त्यावर पुन्हा तेल. मूळ रंग कोणता, हे बघायला कोणाला वेळ नव्हता. मात्र मोठे साहेब तपासणीला येणार असले की दोन दिवस आधी सगळं बदलायचं. चाकांच्या कडा पांढऱ्या व्हायच्या, पितळ चकचकायचं, बफरची फळी लाल व्हायची. आणि खंडेनवमीला? "नवरी जैसी सजाते थे." झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, पुढे कुंकवाचं स्वस्तिक, लिंबू-मिरच्या. अब्बा आपली अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडायला द्यायचे आणि प्रसादाचं खोबरं घरी आणायचे. ते खोबरं मीही खाल्लेलं आहे. ड्रायव्हर आपल्या पैशाने इंजिनावर चांदण्या रंगवून घ्यायचे. त्यातल्या एकाने तर बायकोचं नाव लिहिलं होतं, साहेबाने ते पुसायला लावलं.

माझ्या निवेदनाची हवाच गेली. मी ज्याला मूळ रूप म्हणत होतो, ते आठवड्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या दिवसाचं रूप होतं. दसऱ्याचं इंजिनही तितकंच मूळ होतं. खुद्द दिल्लीच्या फेअरी क्वीनचं बघा. १८५५ मध्ये लीड्समध्ये बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं इंजिन. जगातल्या सर्वांत जुन्या चालू वाफेच्या इंजिनांपैकी एक. १९०९ मध्ये निवृत्त झालं, १९९७ मध्ये पुन्हा चालू केलं आणि दिल्ली-अलवर धावलं. पण ज्या नावाने ते जगाला माहीत आहे, ते नाव त्याला १८९५ मध्ये मिळालं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. मग खरं कोणतं म्हणायचं, बावीस नंबर की परीराणी?

हा "अस्सल"चा प्रश्न मला जरा जास्त टोचतो, त्याचंही एक कारण आहे. आमच्या घरात दखनी, दाराबाहेर मराठी. आयुष्यभर लोक मला कौतुकाने विचारत आलेत, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. तरी दरवेळी वाटतं, माझ्यावर कुठल्या रंगाची अपेक्षा होती? माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. बोहरी माणूस, जर्मनीत ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बनवलेली इंजिनं, आणि डोंगर आपला रायगड जिल्ह्यातला. त्या इंजिनांच्या टोकाच्या चाकांचे आस जागेवरच थोडे इकडेतिकडे सरकत, म्हणून ती घाटाच्या अवघड वळणांवर वळत. दोन फुटांची लाइन, वीसेक किलोमीटर, एका डोंगरावर चढत जाणारी. यातलं अस्सल मराठी किती आणि परकं किती, हे कोणी कधी मोजत बसलं नाही. गाडीत बसून कणीस खाल्लं की झालं.

पुन्हा अब्बांकडे. त्या संध्याकाळी ते आणखी एक बोलले, त्यावर मी अजून विचार करतो. मी त्यांना म्हटलं, परदेशात हौशी लोक इंजिन दुरुस्त करताना स्क्रूच्या खाचा कुठल्या दिशेला होत्या इथपर्यंत बघतात. त्यांनी विचारलं, "और बॉयलर पर क्या लपेटते?"

बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्यावर थर असतो आणि वरून पत्रा. पूर्वी तो थर ॲस्बेस्टॉसचा असायचा. अब्बांनी तो हातांनी कालवलेला आहे, लेपलेला आहे, जुना झाल्यावर खरवडून काढलेला आहे. नाकाला फडकंसुद्धा नसायचं. आज ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं जातात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि इंजिन दुरुस्त करणारे लोक दुसरं काही वापरतात. त्या ठिकाणी अस्सलपणाचा आग्रह कोणी धरत नाही, आणि धरूही नये. निलगिरीच्या गाडीची काही इंजिनं कोळशावरून तेलावर नेली, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी हौशींना वाईट वाटलं होतं. अब्बांना ते सांगितलं तर ते म्हणाले, फार चांगलं केलं, फायरमनची कंबर वाचली. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये रोजा धरून फावडं मारणारे फायरमन त्यांनी पाहिले होते. आम्ही हौशी लोक धुरावर प्रेम करतो. अब्बांच्या जोडीदारांनी तो धूर गिळला होता.

मग अस्सल काय राहिलं पाहिजे? हे मी त्यांना विचारलं नाही. तसे प्रश्न आमच्यात विचारले जात नव्हते. पण आम्ही निवेदन घेऊन गेलो त्या दिवशी अब्बा म्हणाले, मीही येतो.

मी त्यांना गाडीतून नेलं. तिथले अधिकारी भले निघाले, खुर्ची मागवली, चहा दिला. अब्बा खुर्चीवर बसले नाहीत. ते इंजिनाभोवती फिरायला लागले. रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्मोकबॉक्सचं दार वेल्डिंगने कायमचं बंद केलेलं होतं, त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. वरचं धुराडं उघडंच होतं. मला म्हणाले, त्यांना सांग, पाऊस यातून आत जातो, बाहेर पडायला वाट नाही, आतून सडतंय. झाकण बसवा, खाली भोक ठेवा. पितळेच्या आणि तांब्याच्या वस्तू केव्हाच गेलेल्या होत्या. गेज ग्लासच्या जागी नुसती भोकं. अब्बांनी प्रत्येक भोकावर बोट ठेवून तिथे काय होतं ते सांगितलं. अधिकारी लिहून घेत होते.

मग अब्बांनी सदऱ्याच्या खिशातून हातोडी काढली. त्यांनी ती आणली आहे हे मला माहीत नव्हतं. लहानशी, दांड्याला तेल पिऊन काळी झालेली. ते मागे गेले, फायरबॉक्सच्या बाजूला वाकले. तिथे वरचा पत्रा निघालेला होता आणि स्टेची टोकं दिसत होती. त्यांनी एक ठोकला. शेजारचा ठोकला. त्याच्या खालचा ठोकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कैसा आवाज आया?"

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं की त्यांना ऐकू आलेलं नाही.

मी म्हटलं, "टण् असा आला."

"तीनों का एकच?"

मी त्यांना पुन्हा ठोकायला सांगितलं. त्यांनी ठोकलं. मी कान दिला. मला तिन्ही आवाज सारखे वाटले. मधला किंचित वेगळा होता की काय, हेही सांगता येईना. मी तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. शेडमध्ये नव्या पोराकडे बघावं तसं. मग हातोडी खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल."

चाळीस वर्षं तो माणूस आमच्या घरात होता. मी त्याला एकदाही विचारलं नाही, की तुटलेला स्टे कसा वाजतो ते मला शिकवा. इंग्लंडमधल्या एका इंजिनाच्या रंगाच्या तारखा मला तोंडपाठ होत्या.

इंजिन पुढे काळं झालं. बफरची फळी लाल, चाकांच्या कडा पांढऱ्या. मोठे साहेब तपासणीला येताना असायचं तसं, असं मी मित्रांना सांगतो. धुराड्यावर झाकण बसलं, खाली भोक पाडलं. झाकण अब्बांनी पाहिलं. रंग लागायच्या आत, पुढच्या रमजानमध्ये, ते गेले.

एकतानगरच्या गाडीवर माझा आता राग नाही. मुलं हसतात, बसतात, उतरतात. वेष कोणीही घालावा. फक्त त्याला वारसा म्हणताना मला अडखळायला होतं, कारण त्या गाडीला माझ्या अब्बांची गरज पडली नसती. पाणी नाही, दाब नाही, म्हणून स्टे नाही, म्हणून कान देणारा माणूस नाही. निलगिरीला, दार्जिलिंगला आजही खरी वाफ आहे. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात निलगिरीसाठी वाफेची इंजिनं नव्याने बांधली गेली. तिथे बॉयलर आहे, म्हणजे त्याची नाडी बघणारं कोणीतरी आहे. इंजिन नवं असेल, इंधन तेल असेल, रंग कुठलाही असेल. मला ते जास्त अस्सल वाटतं.

हातोडी माझ्याकडे आहे. अब्बांबरोबर काम केलेले एक फायरमन काका अजून आहेत, वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. मी दर महिन्याला त्यांच्याकडे जातो. स्टे ठोकणं त्यांचं काम नव्हतं, पण त्यांनी ते बाहेर उभं राहून आयुष्यभर ऐकलं आहे. मी आवाजांबद्दल विचारतो, ते तोंडाने काढून दाखवतात, मी मोबाइलवर टिपून घेतो. गेल्या खेपेला त्यांनी तुटलेल्या स्टेचा आवाज काढला आणि दोघंही हसलो, कारण तो काहीसा अब्बांच्या खोकल्यासारखा होता.

तुमच्या घरात किंवा आळीत असं कोणी असेल, शेडमधलं, गिरणीतलं, छापखान्यातलं, तर जाऊन विचारा. अवजार हातात द्या आणि कसं करायचं ते विचारा. त्यांना ऐकू येतंय तोवर विचारलेलं बरं.